सांडव्यावरची ताटी

"काडी गेली," मामाजी म्हणाले.

पाणी किती चढतं ते पाहायला त्यांनी सकाळीच पाळीच्या आतल्या उतारावर तुराटीची एक काडी खोचली होती. ती बुडाली तेव्हा वीतभर वर दुसरी खोचली. ती बुडाली तेव्हा तिसरी. आता तिसरीचंही टोक दिसेना. पाणी आणि पाळीचा माथा यांच्यात जेमतेम हातभर जागा उरली होती. सकाळचे दहा वाजले असतील. भादव्यातला पाऊस तो, तीन दिवस नुसता कोसळत होता आणि उसंत घ्यायचं नाव नव्हतं.

"आता का हो, मामाजी?" मी विचारलं.

"आता का? ताटी जाईल," ते म्हणाले, आणि पोत्याची खोळ डोक्यावर ओढून, चंची उघडून, खुशाल तंबाखू मळत बसले.

मामाजी म्हणजे माझे सासरे, बकाराम. मी फागू, त्यांचा घरजावई. आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आज सत्तरीला टेकलोय. पण ती तिसरी काडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमचा कवठीटोल्याचा तलाव काही मोठा नव्हे. दोन टेकड्यांच्या मध्ये जुन्या लोकांनी मातीची पाळ घातली, झाला तलाव. डोंगरावरचं सगळं पाणी आधी त्यात येऊन थांबायचं आणि मग डाव्या टोकाच्या दगडी सांडव्यावरून बेताबेतानं खाली नाल्यात उतरायचं. म्हणून तर पाळीच्या पायथ्याशी आमचा सत्तर घरांचा टोला निर्धास्त झोपायचा. मातीच्या पाळीचं एक असतं बघा. पाणी तिच्या पोटाला कितीही लागू द्या, ती हूं की चूं करत नाही. पण एकदा का डोक्यावरून गेलं की संपलं. बोटाएवढी धार घटकाभरात गाडीवाटेएवढी होते, आणि मग तलावच्या तलाव खाली उतरतो.

त्या सांडव्यावर आमची ताटी. बांबूच्या कामट्यांची, चाळीस हात लांब, पुरुषभर उंच. सांडव्याच्या दगडी उंबऱ्यात खाचा होत्या, त्यांत ऐनाचे सात खुंट रोवायचे आणि खुंटांना ताटी बांधायची. पाणी फटीतून जातं, मासा आत राहतो. मासा मोठा बेइमान असतो, वाहतं पाणी दिसलं की तिकडेच धावतो. ताटी नसेल तर एका पुरात रोहू, कतला, मरळ सगळं नाल्यात, आणि ढिवर बसले बोंबलत.

पण त्या दिवशी डोंगराचा सगळा कचरा ताटीवर येऊन बसला होता. बेशरमाची झुडपं, सागाची पानं, कोणाच्या तरी खळ्यातली तणस, एक अख्खं पळसाचं झाड. फटी बुजल्या आणि ताटीची भिंत झाली. सांडवा बंद आणि वरून पाणी येतंच आहे, अशी गत.

टोल्याचे पोलीस पाटील हेमराज पंधरा-वीस माणसांना घेऊन पाळीवर मातीची पोती टाकत होते. ते तरातरा आमच्याकडे आले.

"बकाराम, तुझी ताटी काढ! दरसाल सांगतो तुले. तुमच्या मासोळ्यांपायी एक दिवस टोला बुडंल, तवा समजंल तुले."

"काढाची गरज नाई पाटील," मामाजी म्हणाले. "ते आपल्या मनानं जाते. माहुलाचा दोर हाये, किती धरंल? आतावरी चार पूर पायले म्या. चारी टायमाले ताटी गेली. मासोळी गेली, टोला राह्यला."

"मंग जात काऊन नाई?"

"आता गेलीच पायजे."

हेमराज पाटील बडबडत पुन्हा पोत्यांकडे गेले. पण ताटी जाणार नव्हती. अख्ख्या पाळीवर हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि शालिकला.

सांगूनच टाकतो, लपवून आता काय करायचंय.

ताटी बांधायचं काम वैशाखातलं, पाणी आटलं म्हणजे. माहूल म्हणजे आमच्या जंगलातला मोठा वेल. त्याची साल सोलायची, भिजवायची, पिळायची आणि तिनं ताटी खुंटांना बांधायची. एका पावसाळ्यात साल कुजते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच उद्योग. त्या पुराच्या दोन वर्षं आधी ताटी तुटली होती. सगळी मासोळी गेली, आणि त्या साली अर्धे ढिवर वीटभट्टीवर गेले. माझी बायको रेवता तेव्हा पहिल्यांदा पोटुशी होती. विटा वाहता वाहता तिचं पोट पडलं. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की काही होवो, ही ताटी पुन्हा तुटू द्यायची नाही.

मामाजींना म्हटलं, तार लावू.

"नाई जवाई. माहुलच पायजे."

"पन काऊन?"

"आमच्या बुढ्यांपासून माहुलच हाये."

एवढंच. म्हातारा कारणं सांगत बसणाऱ्यातला नव्हता. मला वाटलं, अडाणी आहे. आता अडाणी कोण होतं ते तुम्हीच ठरवा! शालिक माझा जोडीदार, त्यानं कुठूनशी कुंपणाची जाड तार आणली. मामाजी घरी जेवायला गेले की आम्ही दोघं तारेचे बंध मारायचो, चांगला पीळ देऊन, आणि वरून माहुलाची साल गुंडाळायचो. काम इतकं सुबक झालं की मामाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जवाई, हात बसला तुमचा," म्हणाले. मी गालात हसलो होतो, गाढव कुठला.

आता पाळीवर बसून म्हातारा 'ताटी जाईल, ताटी जाईल' म्हणत होता, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. माहूल तुटावा म्हणूनच बांधायचा असतो. मोठा पूर आला की मासोळी जावी आणि पाळ राहावी, अशी ती सोय होती. तीच मी तारेनं बांधून टाकली होती. आणि खाली टोल्यात माझी रेवता होती, पाच दिवसांची बाळंतीण. माझी पोरगी होती.

मी शालिकला बाजूला ओढलं. "शालिक, सांगून टाकू."

"येडा झाला का बे? पाटील उभा हाये तिकडं. जितं गाडतील आपल्याले." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "थांब जरासा. तारही तुटंल. एवढ्या पान्यापुढं तार का चीज हाये?"

मलाही तेच ऐकायचं होतं. पण जागेवर थांबवेना, म्हणून मी खाली पळालो.

टोल्यातून बाहेर पडायची वाट नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीवरून होती, आणि रपट्यावर पुरुषभर पाणी गर्जत होतं. पुढे नाला, मागे पाळ, मधे माणसं. शाळेची एक खोली तेवढी विटांची होती. बायका लेकरांना घेऊन तिकडे चालल्या होत्या. रेवता मात्र खाटेवर पडून होती, अंगात कणकण, खाटेखाली शेगडी.

"उठ, शाळेत चाल."

"कायले?"

"पानी चढून रायलं."

"बा कुठं हाये?"

"पाळीवर."

"मंग?" तिनं पोरीला पदराखाली घेतलं. "बा हाये नं पाळीवर. मी लहान होती तवाही असंच पानी आलतं. बा म्हने, ताटी गेली का मी हाक मारतो, तवर निजून राह्य. मी निजली. सकारी उठून पायतो तं सारं जागच्या जागी. तुमी काऊन एवढे कापून रायले?"

घरात तिसरं माणूस नव्हतं. तिला तेव्हा सांगता आलं असतं. मी पोरीला उचललं, फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं, रेवताला दुसऱ्या हातानं उठवलं आणि भर पावसात शाळेत नेऊन बसवलं. वाटभर ती मला भित्रा म्हणून चिडवत होती. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्या भिंतींकडे बघून मला एकच वाटलं, पाळ फुटली तर या विटा काय करणार?

परत वर आलो तेव्हा पाणी माथ्यापासून चार बोटांवर होतं. पाळीवर म्हशी चढायची एक जागा होती, तिथे माथा झिजून खोलगट झाला होता. तिथून पाणी पाझरत पाझरत पलीकडे उतरायला लागलं होतं. करंगळीएवढी धार. माणसं त्यावर पोत्यांवर पोती टाकत होती, धार पोत्यांखालून निघत होती, आणि तिच्याबरोबर लाल माती निघत होती. एक जण तिथेच बसून रडायला लागला. हेमराज पाटलांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या हातात फावडं दिलं.

मामाजींनी तंबाखू कधीच फेकून दिली होती. ते सांडव्याजवळ उभे राहून ताटीकडे एकटक बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"याहून कमी पान्यात गेलती," ते स्वतःशीच पुटपुटत होते. "तवा गेली, मंग आता काऊन नाई? माझं का चुकलं, जवाई? साल जून होती का? आपन पीळ जास्त देल्ला का?"

आणि मी काय म्हणालो? "ठाऊक नाई," म्हणालो.

"मंग कापाच लागते." त्यांनी खोळ फेकली, धोतराचा काचा मारला आणि कमरेला दोर बांधला. दुसरं टोक काठावरच्या माणसांकडे दिलं. हातात कोयता घेतला. "दोन-तीन बंध तोडले का झालं, बाकीचे आपल्या मनानं जातेत."

"मामाजी, मी जातो!"

"तुमी नोको. पाच दिवसाची पोट्टी हाये घरी."

"मामाजी, ते दोर..."

"का?"

हेमराज पाटील दोन हातांच्या अंतरावर उभे होते. शालिकनं मागून माझा सदरा मुठीत धरला होता. पंधरा माणसं, पंधरांच्या हातात फावडी-कुऱ्हाडी. मामाजी माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. कोयत्यानं तार तुटत नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

"काई नाई," मी म्हणालो. "सांभाळून."

साठीचा म्हातारा पाण्यात उतरला. ताटीच्या खालच्या अंगाला, सांडव्याच्या उंबऱ्यावर, मांडीएवढं पाणी होतं आणि ओढ अशी की उभ्या माणसाचे पाय उचलले जावेत. ताटीमागे पाणी जवळजवळ डोक्याएवढं उभं होतं. कामट्यांमधून धारा सुटून त्यांच्या छातीवर आपटत होत्या. एकेक खुंट धरत ते पुढे सरकले. दुसऱ्या खुंटापाशी थांबले, पाय रोवले आणि कोयता उगारला.

पहिल्या घावाला साल तुटून वाहून गेली. दुसऱ्या घावाला खण्ण असा आवाज झाला. त्या गदारोळात तो कोणालाच ऐकू गेला नसेल, मला आला. मामाजींनी कोयता खाली घेतला. बोटांनी बंध चाचपला. मग मान वळवली. ते शालिककडे बघत नव्हते, पाटलांकडे बघत नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होते.

मग काय झालं कोण जाणे, मी कोणाच्या तरी हातातली कुऱ्हाड ओढली आणि दोर न बांधताच पाण्यात उडी घेतली. मागून लोक ओरडत होते. पायाखाली दगडावर शेवाळ, अंगावर धारांचे फटकारे. दोनदा गुडघ्यावर आलो. कसाबसा त्यांच्यापर्यंत पोचलो आणि खुंटाला मिठी मारली.

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "किती बंधाले?"

"सगळ्याले."

त्यांनी एक क्षण डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस मला पाण्यात लोटणार, आणि लोटलं तर मी काही म्हणणार नाही.

"फागू," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "तार सोड. खुंट काप, मधला."

आम्ही मधल्या खुंटापाशी गेलो. ऐनाचं लाकूड ते, कुऱ्हाडीला दाद देईना. त्यांनी एका हातानं खुंट आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर धरली, आणि मी घाव घालत गेलो. दहा, पंधरा, वीस. ताटी कण्हल्यासारखी आवाज करायला लागली. पाळीवरून कोणीतरी किंचाळलं, "धार वाढली! धार वाढली रे!" मी मान वळवली असती तर तिथेच बसलो असतो. वळवली नाही.

खुंट अर्धा कापला गेला तेव्हा मामाजींनी माझा हात थांबवला. आपल्या कमरेचा दोर सोडला आणि खुंटाच्या वरच्या टोकाला बांधला.

"मामाजी, दोर नोका सोडू! वाहून जाल!"

"चाल आता. पाय घासत चाल."

आम्ही दोघं एकमेकांचं मनगट धरून, कशाचाही आधार नसताना, त्या उंबऱ्यावरून काठाकडे निघालो. वीस हातांचं अंतर. देवाची शपथ सांगतो, तेवढं लांब मी आयुष्यात कधी चाललो नाही. काठावर हेमराज पाटलांनीच मला काखेत हात घालून वर ओढलं.

"ओढा!" मामाजी ओरडले. "सारे ओढा!"

दोराला वीस माणसं लागली. पाटील सगळ्यांत पुढे. एकदा ओढलं, काही नाही. दुसऱ्यांदा ओढलं, खुंट कडकडला. तिसऱ्यांदा तो मोडला आणि माणसं एकावर एक उताणी पडली. ताटी मधोमध फुगली, आणि मग जो आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. पळसाचं झाड, झुडपं, कामट्या, खुंट, सगळं एकदम उंबऱ्यावरून खाली गेलं. पाण्यात मासेच मासे होते. हातहातभर रोहू पोट चमकवत हवेत उडत होते. माझं वर्षाचं पोट माझ्यासमोर वाहून चाललं होतं आणि मी हात जोडून उभा होतो.

घटकाभरात म्हशींच्या वाटेवरची धार बारीक झाली. मग थांबली. पाळीला तिथे कमरेएवढी घळ पडली होती, आणखी थोडा वेळ गेला असता तर ती आरपार झाली असती. लोक चिखलात मिळेल तिथे बसले. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. पाटलांनी मामाजींना मिठी मारली. "बकाराम, मानलं तुले!" म्हणाले.

आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. ताटी तुटली होती, पण काठाकडचा तुकडा तारेनं पहिल्या खुंटाला लटकून राहिला होता. पाण्यानं तो फिरवून काठावर आणून टाकला होता. साल निघून गेली होती, तार उघडी पडली होती. पाटलांनी वाकून ती हातात घेतली.

"हे का हाये?"

बोटांवर गुंडाळून त्यांनी ती ओढून पाहिली.

"तार? ताटीले तार? म्हनून जात नव्हती ते!" ते सरळ झाले. असा चेहरा मी कोणाचाच पाहिला नव्हता. "कोन लावली? बोला! ज्यानं लावली त्याले मी या टोल्यात राहू देत नाई. पानी उतरलं का त्याचं बिऱ्हाड रपट्यापार फेकतो. बायकालेकरांसकट!"

शालिक मागच्या मागे सरकला. मी बोलायला तोंड उघडलं की नाही हे मला आज शपथेवर सांगता येत नाही. उघडलं होतं असं मला वाटतं.

"म्या लावली," मामाजी म्हणाले.

"तू? बकाराम, तू?"

"म्हातारा झालो, पाटील. दरसाल साल सोलाचा कंटारा आला. वाटलं, एक डाव तार लावली का पाच वर्षं पाहाले नोको." ते खाली मान घालून बोलत होते. त्यांचा तळहात तारेनं चिरला होता आणि रक्त बोटांवरून गळत होतं. "चुकलं माझं."

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. बकाराम त्या टोल्याचा सगळ्यांत जुना ढिवर, त्याला कोण हाकलणार? त्यांनी तार त्यांच्या पायाशी टाकली. "आजपासून तू ताटीले हात लावाचा नाई," म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागे एकेक करत सगळे गेले. ज्यांनी आत्ता मिठ्या मारल्या होत्या तेही गेले.

बातमी आमच्याआधी शाळेत पोचली होती. रेवता पोरीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती.

"बा, खरं हाये?"

"हो माय."

"तारेनं बांधली तं ताटी जात नाई, हे तुले ठाऊक होतं नं?"

"हो."

"अना मी तुझ्या भरवशावर निजून होती. हे मले ओढून आनत होते तं मी यायलेच हासत होती." तिचा आवाज चिरकला. "बा, तुले माझी पोट्टी दिसली नाई का रे खाली?"

त्यांनी नातीला घ्यायला हात पुढे केला. रेवतानं पोरीला पदराखाली घेतलं आणि पाठ फिरवली. मी तिथेच, तीन पावलांवर, निथळत उभा होतो. तिच्या नजरेत त्या दिवशी मीच शहाणा ठरलो होतो.

पंधरा दिवसांनी मी मामाजींना तलावावर एकटं गाठलं. "मामाजी, तुमी काऊन तसं केलं?"

"मंग का करतो?" ते जाळं विणत होते, मान वर केली नाही. "तुले हाकललं असतं. तू गेला असता तं रेवता तुझ्यासंगं गेली असती. ओली बाळंतीन, पाच दिवसाची पोट्टी, अना वर पाऊस. मले कोन हाकलते? मी आपल्या घरीच हावो." दोन-चार गाठी विणून झाल्यावर म्हणाले, "पन एक गोठ कर. मी जितो आहो तवर नोको. मी मेल्यावर रेवताले खरं सांगजो. तिच्या मनात मी असा नाई राह्यलो पायजे."

"सांगतो, मामाजी."

"शपत?"

"शपत."

ते आणखी अकरा वर्षं जगले. दर वैशाखात ताटी मी बांधायचो, माहुलानं. ते दूर पाळीवर बसून बघायचे. जवळ आले की कोणी ना कोणी म्हणायचंच, "बकाराम, तू दूर राह्य बापा." ते हसून परत जायचे. रेवतानं त्यांचं सगळं केलं. वेळेवर जेवण, धुतलेलं धोतर, दुखलं-खुपलं सगळं. पण पाऊस जोराचा लागला की ती लेकरांना घेऊन शाळेत जाऊन बसायची, आणि ते घराच्या दारातून बघत राहायचे.

त्यांच्या दहाव्याला आम्ही तलावाच्या काठी पिंड ठेवलं. कावळे समोरच्या मोहावर होते, पण एकही खाली येईना. तास गेला, दोन तास गेले. लोक कंटाळले. कोणी म्हणालं, नातवंडांना सांभाळू म्हणा. म्हणून झालं. कोणी म्हणालं, जाळी सांभाळू म्हणा. तेही झालं. मग रेवता पुढे झाली आणि पिंडासमोर हात जोडून उभी राहिली.

"बा," ती म्हणाली, "तू ते तार लावलीस, ते मी आज माफ केलं. आता तं घे."

कावळे हलले नाहीत.

हेमराज पाटील, तेही थकले होते आता, काठी टेकत सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बुढ्याचं काईतरी राहून गेलं हाये. कोनाले ठाऊक असंल तं बोला बापा."

रेवतानं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काई बोलले होते का बा?"

"नाई," मी म्हणालो.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. पुढे बत्तीस वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. रेवता मागच्या माघात गेली, तिला मी ते कधीच सांगितलं नाही.